वंशावळीची फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकली की दरवेळी काहीतरी गायब होतं, कुठे काय बघायचं?

आमच्या घरच्या ग्रुपवर हा प्रश्न सारखा येतो. मी पाठवलेली फाईल उघडली तर सगळी नावं कचरा दिसतायत, नाहीतर आजी दोनदा आलीये, नाहीतर सगळ्या सुनांची माहेरची नावं उडाली. दरवेळी तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच चिकटवणार.

परिस्थिती बहुतेक घरांत सारखीच असते. कोथरूडचा काका लॅपटॉपवर ग्रॅम्प्स नावाचा वंशावळीचा प्रोग्रॅम वापरतो, न्यू जर्सीतली आत्तेबहीण मायहेरिटेज या वंशावळीच्या वेबसाइटवर आहे, चिंचवडच्या भाच्याने हौसेने स्वतःच्या सर्व्हरवर वेबट्रीज हा तसलाच प्रोग्रॅम चढवलंय, आणि ज्या आजोबांना सगळी खरी माहिती आहे ते वहीत पेन्सिलने लिहितात. मग कुणीतरी म्हणतं सगळ्यांचं एकत्र करू, एक्स्पोर्ट मारायचा (म्हणजे एका प्रोग्रॅममधून फाईल बाहेर काढायची), इम्पोर्ट करायचा (ती दुसऱ्यात घ्यायची), झालं. आणि तिथून रामायण सुरू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हे सगळे प्रोग्रॅम एकमेकांशी जेडकॉम नावाच्या फाईलमधून बोलतात, फाईलच्या नावाच्या शेवटी डॉट जीईडी असतं तीच. अमेरिकेतल्या चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये हा प्रकार काढला, आणि आजही सगळ्यात जास्त चालते ती ५.५.१ आवृत्ती. ती १९९९ मध्ये मसुदा म्हणून आली आणि अधिकृतपणे अंतिम झाली २०१९ मध्ये! तोपर्यंत वीस वर्षं सगळे मसुद्यावरच चालले होते. त्यामुळे झालं असं की जन्म, मृत्यू, लग्न, आईवडील, मुलं एवढा गाभा सगळ्यांना समजतो, पण त्याच्या पलीकडचं काही असलं की प्रत्येक कंपनीने आपापली खूण बनवली. अशी घरगुती खूण अंडरस्कोरने सुरू होते. समोरच्या प्रोग्रॅमला ती ओळखीची नसेल तर तो ती सरळ सोडून देतो, किंवा फार सभ्य असेल तर टिपेत टाकतो. एक्स्पोर्ट झालं, इम्पोर्ट झालं, एरर आली नाही म्हणजे सगळं पोचलं असं अजिबात नाही.

म्हणून पहिलं काम: इम्पोर्ट करायच्या आधी फाईलची कॉपी करून ती नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, साधा मजकूर असतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ०, १, २ असा आकडा, मग रोमन लिपीतली छोटी खूण, मग माहिती. अगदी वर हेड म्हणून भाग असतो, त्यात कुठल्या प्रोग्रॅमने फाईल बनवली, जेडकॉमची आवृत्ती कुठली आणि सीएचएआर खुणेपुढे अक्षरांचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत, कुठलं ते लिहिलेलं असतं. तिथे यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिपी चालणारी पद्धत, दिसलं तर निम्मी लढाई जिंकली. एएनएसआय (विंडोजची जुनी पद्धत) किंवा अँसेल दिसलं आणि तुमची नावं देवनागरीत असतील तर तिथेच थांबा, पाठवणाऱ्याला सांगा एक्स्पोर्टच्या वेळी यूटीएफ-८ निवड. अँसेल हे जुनं प्रकरण युरोपातल्या डोक्यावर टिंबं-रेघा असलेल्या अक्षरांसाठी होतं, त्यात आपल्या क ख ग ची सोयच नाही.

आता कचरा दिसतोय म्हणणाऱ्यांसाठी. कचऱ्याचेही प्रकार असतात आणि प्रत्येकावर औषध वेगळं, तर आधी नीट बघा काय दिसतंय. रिकामे चौकोन दिसत असतील तर फाईल बरोबर आहे, फक्त त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही किंवा प्रोग्रॅमने भलताच फॉन्ट धरलाय. फॉन्ट बदला, विषय संपला. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए परत परत येतोय आणि मधेमधे विचित्र चिन्हं आहेत, तर माहिती शाबूत आहे पण चुकीच्या एन्कोडिंगने वाचली जातेय. देवनागरीचं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि वाचणारा प्रोग्रॅम त्या तीन बाइटना तीन वेगळी युरोपियन अक्षरं समजतोय. इम्पोर्ट रद्द करा, सेटिंगमध्ये यूटीएफ-८ द्या, परत करा. आणि कृपा करून तो कचरा तसाच सेव्ह करून पुढे पाठवू नका, तो दुसऱ्यांदा सेव्ह झाला की सोडवणं फार किचकट होऊन बसतं. तिसरा प्रकार म्हणजे नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. हे वाईट. कुणीतरी मधे फाईल एएनएसआय म्हणून सेव्ह केली आणि अक्षरं कायमची गेली, त्या फाईलमधून ती कुठल्याही उपायाने परत येणार नाहीत, मूळ प्रोग्रॅममधून नवी एक्स्पोर्टच मागवायची.

चौथा प्रकार पुण्यात हमखास भेटतो. जुना कुलवृत्तांत डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा तसल्या युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखं चालणारं अक्षरांचं प्रमाण) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि कुणीतरी त्यातला मजकूर उचलून वंशावळीत चिकटवतो. त्याच्या मशीनवर तो फॉन्ट असल्यामुळे मराठी दिसतं, दुसऱ्याकडे गेलं की इंग्रजी अक्षरांची भेळ. इथे एन्कोडिंगशी खेळून काही होत नाही, कारण फाईलमध्ये खरंच इंग्रजी अक्षरंच आहेत. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि मग एकदा डोळ्यांनी वाचा, कारण जोडाक्षरं आणि रफार बऱ्याचदा जागा सोडतात.

यातलाच एक भाऊबंद जो कुणाच्या लक्षातच येत नाही: गोऱ्हे, कऱ्हाडे, बऱ्हाटे अशी आडनावं. तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात खास ऱ वापरलेला असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडणारा कॅरेक्टर. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे. पण प्रोग्रॅमच्या दृष्टीने ती दोन वेगळी आडनावं, त्यामुळे अर्धे गोऱ्हे यादीत एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे, आणि सर्च केलं की निम्मेच सापडतात. मोबाईलवर भरलेली नावं आणि कॉम्प्युटरवर भरलेली नावं यात हा फरक पडू शकतो. उपाय म्हणजे मजकुराची फाईल उघडून फाइंड-रिप्लेसने एकच पद्धत करून टाकणे. ते न दिसणारं अक्षर शोधायच्या चौकटीत टाइप करता येत नाही, तर चुकीच्या नावातून कॉपी करून पेस्ट करायचं.

आता नावं. जेडकॉममध्ये आडनाव दोन तिरक्या रेघांच्या मधे लिहितात, म्हणजे गोविंद विनायक /जोशी/ असं. ज्याने जोशी गोविंद विनायक असं अख्खं एकाच चौकटीत भरलंय त्याच्या फाईलमध्ये रेघाच नसतात, मग समोर आडनाव रिकामं. हे मुळातच दुरुस्त करा.

सुनांचं प्रकरण जास्त नाजूक. परदेशी प्रोग्रॅमचा समज असा की लग्नानंतर बाईचं फक्त आडनाव बदलतं. आपल्याकडे आधीच्या पिढ्यांमध्ये पहिलं नावही बदलायचं, मधलं नाव तर बदलायचंच, म्हणजे द्वारका महादेव लेले ची सरस्वती गोविंद जोशी झालेली असते, आणि घरात सगळे तिला तिसऱ्याच नावाने हाक मारतात. ५.५.१ मध्ये एका माणसाला एकापेक्षा जास्त नावं देता येतात आणि प्रत्येकाला प्रकार लावता येतो, जन्माचं, लग्नानंतरचं वगैरे, हीच योग्य पद्धत. माहेरचं पूर्ण नाव पहिलं ठेवा, सासरचं पूर्ण नाव दुसरं, प्रकार लग्नानंतरचं. पण बरेच प्रोग्रॅम यासाठी आपली अंडरस्कोरवाली खूण वापरतात आणि तिच्यात नुसतं सासरचं आडनाव बसवतात, मग बदललेलं पहिलं नाव जातं खड्ड्यात. म्हणून मी तरी काय करतो, प्रत्येक सुनेच्या टिपेत एक ओळ घालतो, माहेरचं नाव अमुक, सासरचं अमुक, घरात अमुक म्हणत. दिसायला बावळट आहे पण साध्या टिपेइतकं दुसरं काहीच सुरक्षित पोचत नाही. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव यांचंही तेच, त्यासाठी प्रोग्रॅममध्ये कस्टम फील्ड बनवायचा मोह होतो, बनवा, पण टिपेतही लिहा.

टिपांमध्येही एक गंमत आहे. ५.५.१ मध्ये एका ओळीची लांबी २५५ अक्षरांपर्यंतच, त्याहून मोठा मजकूर तोडून पुढच्या ओळीला कॉन्क नावाची खूण लावतात. नियम असा की शब्दाच्या मधोमध तोडायचं, कारण ओळीच्या शेवटची स्पेस बरेच प्रोग्रॅम खातात. काही प्रोग्रॅम शब्दाच्या शेवटी तोडतात, मग जोडताना स्पेस गेलेली असते आणि टीप वाचली की पुण्यातशनिवारपेठेतराहत असं दिसतं. काही त्याहून थोर, ते अक्षरं न मोजता बाइट मोजतात आणि देवनागरी अक्षराच्या तीन बाइटच्या मधेच सुरी चालवतात, तिथे मग काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. उपाय फुकटचा आहे, टीप लिहिताना मधेमधे एंटर मारून छोटे परिच्छेद करा. नवीन परिच्छेदाची खूण वेगळी आहे, ती शाबूत पोचते.

तारखा. इथे आपली माणसं स्वतःच गोंधळ घालतात. एक म्हणजे तारखेच्या चौकटीत देवनागरी आकडे टाकू नका, बऱ्याच प्रोग्रॅमना ती तारीख आहे हेच कळत नाही. दुसरं, ०५/०८/१९४७ असं लिहिलं की पुण्यात ते ५ ऑगस्ट आणि न्यू जर्सीत ८ मे. महिना अक्षरांत लिहा, जेडकॉमच्या आत महिना इंग्रजी तीन अक्षरांतच जातो. तिसरं म्हणजे शक आणि तिथी. ५.५.१ ला ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतीचं कॅलेंडर समजतं. फ्रेंच क्रांतीचं समजतं, शालिवाहन शक नाही, यावर काय बोलणार. तर शके १८२३ श्रावण वद्य ५ असं वहीत असेल तर तारखेच्या चौकटीत फक्त १९०१ टाका आणि तिथी जशीच्या तशी टिपेत लिहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष पाडव्याला बदलतं हे विसरू नका, पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं आणि माघ-फाल्गुनाला ७९ मिळवावे लागतात. पौषातल्या तारखेला पंचांग बघूनच ठरवा. पूर्ण तारीख काढायची असेल तर जंत्री बघा, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका, कारण ती एकदा फाईलमध्ये गेली की चार प्रोग्रॅममधून फिरून खरीखुरी होऊन परत येते.

दत्तक. जेडकॉममध्ये एका मुलाला दोन कुटुंबांशी जोडता येतं, एक जन्माचं, एक दत्तकाचं, आणि पेडी नावाची खूण नातं कुठलं ते सांगते. ही खूण वाटेत पडली की मुलगा दोन घरांत सख्खा दिसायला लागतो किंवा एका घरातून नाहीसाच होतो. दत्तक गेलेल्या-आलेल्यांची यादी वेगळी काढून इम्पोर्टनंतर एकेक हाताने तपासा, याला शॉर्टकट नाही.

आता सगळ्यात मोठी डोकेदुखी, डुप्लिकेट. तुम्ही काकाला फाईल दिली, काकाने चार नातवंडं वाढवली, फाईल परत तुमच्याकडे आली, तुम्ही ती तुमच्या झाडात, म्हणजे प्रोग्रॅममधल्या वंशावळीत, इम्पोर्ट केली आणि अख्खं खानदान दुप्पट. कारण फाईलमधला माणसाचा नंबर फक्त त्या फाईलपुरता असतो, बरेच प्रोग्रॅम एक्स्पोर्ट करताना नवीन नंबर घालतात, त्यामुळे हा तोच विनायक हे समोरच्याला कळायचा मार्गच नाही. मग तो म्हणतो नाव आणि साल जुळतंय तर एकत्र करू का? इथे हो म्हणालात की संपलं. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला, म्हणजे गोविंद विनायक, विनायक गोविंद, परत गोविंद विनायक अशी साखळी, आणि जुन्या लोकांच्या जन्मतारखा नसतात. ऑटोमॅटिक मर्ज, म्हणजे प्रोग्रॅमने आपोआप दोन माणसं एकत्र करणं, मराठी वंशावळीत बंदच ठेवा.

यावर दोन गोष्टी चालतात. एक, प्रत्येक माणसाला तुमचा स्वतःचा नंबर द्या आणि तो आरईएफएन नावाच्या खुणेत भरा, बहुतेक प्रोग्रॅममध्ये रेफरन्स नंबर म्हणून चौकट असते. छापील कुलवृत्तांतात नंबर दिलेले असतील तर तेच घ्या. म्हणजे निदान डोळ्यांनी जुळवता येतं. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, मूळ फाईल एकाच माणसाकडे. बाकीच्यांनी फाईल बघायला घ्यावी, पण दुरुस्त्या परत पाठवताना अख्खी जेडकॉम नाही पाठवायची, नंबर ४१२ चा मृत्यू अमुक साली, नंबर ५०७ ला मुलगी झाली, असं साधं लिहून पाठवायचं आणि मूळ फाईलवाल्याने ते हाताने भरायचं. यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली, २०२६ मध्ये हाताने काय भरायचं वगैरे. पण दोन्ही बाजूंनी फाईल फिरवणाऱ्यांची घरं मी बघितलीयत, प्रत्येक फेरीला थोडं गळतं आणि काय गळलं ते वर्षभराने कळतं.

अजून एक तक्रार, अर्धी माणसं लिव्हिंग या नावाने आली. हा बिघाड नाही, एक्स्पोर्टच्या वेळी जिवंत माणसांची माहिती लपवा या चौकटीत टिक होती. घरातल्या घरात पाठवताना ती काढा, बाहेर कुणाला देताना मात्र राहू द्या.

आणि फोटो. ५.५.१ च्या फाईलमध्ये फोटो जातच नाहीत, फक्त तुमच्या मशीनवरचा पत्ता जातो, सी ड्राइव्हमधलं अमुक फोल्डर, जे समोरच्याकडे नसतं. १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेला एकुलता एक फोटो आहे आणि तो वंशावळीत जोडलाय म्हणजे सगळ्यांकडे पोचला असं समजून बसलेले लोक मला माहितीयत. फोटोंचं फोल्डर वेगळं झिप करून पाठवा, फाईलची नावं इंग्रजीत आणि छोटी ठेवा. २०२१ मध्ये आलेल्या जेडकॉम ७ मध्ये फोटोंसकट एकच झिप करायची सोय आहे, एन्कोडिंगही यूटीएफ-८ च ठेवलंय, आणि कॉन्कची कटकट काढून टाकलीये. पण जुने प्रोग्रॅम ती फाईल उघडतच नाहीत, तर समोरचा काय वापरतो ते विचारल्याशिवाय ७ मध्ये एक्स्पोर्ट करू नका. दोघंही ग्रॅम्प्सवर असाल तर जेडकॉमच्या भानगडीत पडूच नका, ग्रॅम्प्सचं स्वतःचं पॅकेज द्या, त्यात फोटोही जातात.

हे सगळं तपासायला स्वतःची हजार माणसांची फाईल वापरायची गरज नाही. मी पेशव्यांची वंशावळ वापरतो, पंधरा-वीस माणसं भरली की पुरे, कारण त्या एका घराण्यात आपले सगळे प्रॉब्लेम हजर आहेत. आडनाव भट, ओळख पेशवे. बाजीराव दोन, माधवराव दोन, नानासाहेब दोन, चिमाजी दोन, म्हणजे मर्जची परीक्षा. पहिल्या बाजीरावांना काशीबाई आणि मस्तानी, म्हणजे एका माणसाची दोन कुटुंबं नीट येतात का ते कळतं. दत्तक म्हणाल तर रघुनाथरावांचे अमृतराव आणि १८२७ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी घेतलेले नानासाहेब. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा आणि सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा, इथे काही प्रोग्रॅम वडिलांच्या मृत्यूनंतर मूल असं म्हणून बोंब मारतात, तर ती नुसती सूचना आहे की प्रोग्रॅम नातंच तोडतोय ते बघून घ्या. एखाद्या टिपेत दोन-तीनशे शब्दांचा देवनागरी मजकूर घाला, एक शकाची तिथी घाला, एक फोटो जोडा. मग ही फाईल काकाच्या प्रोग्रॅममध्ये पाठवा, तिथून एक्स्पोर्ट करून परत मागवा आणि रिकाम्या नवीन झाडात उघडा, चालू झाडात नाही. काय हरवलं ते दहा मिनिटांत समोर येतं, आणि खऱ्या फाईलच्या वेळी नेमकं तेवढंच हाताने जपायचं.

खऱ्या फाईलच्या वेळी किमान एवढं करा की इम्पोर्टच्या आधी आणि नंतर माणसं किती आणि कुटुंबं किती हे आकडे जुळवा, आणि इम्पोर्ट झाल्यावर जो रिपोर्ट येतो तो बंद न करता वाचा. कुठल्या ओळीवर कुठली खूण कळली नाही ते बऱ्याचदा त्यात सरळ लिहिलेलं असतं.

एवढं करूनही अडलं तर मला विचारा, पण अख्खी फाईल ग्रुपवर टाकू नका. त्यात जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं नाव असतं, आणि बँकवाले ओळख पटवायला नेमकं हेच विचारतात. फाईलच्या वरच्या वीस ओळी, बिघडलेल्या एका माणसाचा तुकडा, त्यात नाव बदललंत तरी चालेल, आणि पाठवणारा नि घेणारा प्रोग्रॅम कुठला, कितवी आवृत्ती, एवढं पाठवा. स्क्रीनचा मोबाईलने तिरका काढलेला फोटो नको.